नवीन गाणी शोधता कुठून? (इंडी, पंक, रूट्स, पॉप)

तळ्यावरचा

मंडळी, सरळ प्रश्न आहे. तुम्ही नवीन संगीत शोधता कुठून?

नवीन म्हणजे कालच आलेलं असं नाही, आपल्या कानाला नवीन. मोठ्या कंपन्यांचं नको, ते रिक्षात, जिममध्ये, सोसायटीच्या गणपतीत आपोआप ऐकू येतंच. मला हवंय स्वतंत्र लोकांचं. चार जण दोन-अडीच मिनिटांत बोंबलून मोकळे होतात तो पंक, मातीतलं काही वाजवतात ते रूट्स, नाहीतर कुणी बेडरूममध्ये लॅपटॉपवर केलेलं पॉप, पण चाल अशी की दिवसभर डोक्यातून जाऊ नये.

रोजचा प्रवास ठाणे ते ऐरोली. अ‍ॅपचा अल्गोरिदम, म्हणजे गाणी सुचवणारं यंत्र, पुढचं गाणं काय लावणार हे मला दिघा गाव यायच्या आधीच कळतं. एका बँडचं गाणं आवडलं म्हणून बदाम दाबला, तर पुढे कित्येक दिवस त्याच बँडचे चुलतभाऊ, मावसभाऊ, साडू. पूर्वी कॅसेटच्या दुकानात काउंटरवर एक माणूस असायचा, तो म्हणायचा, "हे घेताय ना, मग हेही ऐकून बघा." काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, आपल्याकडची छोटी दुकानं तर त्याच्याही आधी मोबाइल कव्हरं विकायला लागली. तो माणूस आता कुठे भेटतो?

याद्या नकोत. रीत सांगा.

मामलेदार_एक्स्ट्रा_तर्री

चाळिशीनंतर लोक नवीन डॉक्टर शोधतात, तुम्ही नवीन बँड शोधताय. अभिनंदन. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऐरोलीकर

अल्गोरिदमला उगाच शिव्या घालू नका राव. स्पॉटिफायचं डिस्कव्हर वीकली २०१५ पासून आहे, दर सोमवारी तीस गाणी देतं, आणि माझ्याकडे त्यातली चार-पाच तरी कामाची निघतात. घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं असेल तर तो बिचारा काय करणार? सकाळी आईचं विष्णुसहस्रनाम, दुपारी पोराची बडबडगीतं, रात्री तुमचा पंक. गोंधळणारच.

माझी रीत: कोरी प्लेलिस्ट करायची, त्यात फक्त अनोळखी बँडची, मनापासून आवडलेली दहा-बारा गाणी टाकायची. मग त्या प्लेलिस्टखाली जे सुचवलं जातं ते ऐकायचं. नावडलं तर पहिल्या वीस सेकंदांत पुढे. घरच्यांना वेगळं खातं काढून द्या, संसारही सुखाचा होईल.

सूर_बेसूर

ऐरोलीकर, रीत चांगली आहे, पण त्या विहिरीत पाणी कुठून येतं तेही बघा. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० प्लेसुद्धा मिळाले नाहीत, त्याला रॉयल्टीच मिळत नाही. म्हणजे तळ्यावरचा ज्यांना शोधताहेत त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात शून्य. आणि जे गाणं फारसं कुणी ऐकलेलंच नाही ते सुचवायला यंत्राकडे आधार तरी काय असणार?

मी बँडकॅम्पवर शोधतो. २००८ पासूनची साइट आहे, बँड तिथे आपले अल्बम स्वतःच विकतात. तिथे प्रत्येक अल्बमच्या पानावर तो कुणीकुणी विकत घेतला त्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाचं अख्खं कपाट उघडतं. तुमचा काउंटरवरचा माणूस तिथे बसलाय बघा. मला असा एक जण सापडला, कुठल्या देशाचा कोण जाणे, त्याच्या कपाटात आयरिश पबमधली गाणी, हार्डकोर पंक आणि आफ्रिकेतल्या माली देशाची गिटार शेजारी शेजारी. त्याने काही नवीन घेतलं की मी आधी ते ऐकतो. पाच वेळा निराशा होते, सहाव्यांदा असं काही हाती लागतं की जेवण गार होतं.

दुसरी वाट लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची. बँड सोडा, लेबल धरा. कंट्री आणि पंक यांची मोट बांधलेली हवी तर शिकागोच्या ब्लडशॉटचा जुना माल काढा. गोड चालीचं, जरा विस्कटलेलं गिटार-पॉप हवं तर न्यूझीलंडचं फ्लाइंग नन, १९८१ साली ख्राइस्टचर्चमध्ये सुरू झालं. छोटं लेबल म्हणजे एकदोघांची आवड असते. ती तुमच्याशी जुळली की दहा-पंधरा बँडांची सोय झाली.

पैशांचंही सांगून टाकतो. डिजिटल विक्रीत बँडकॅम्प १५ टक्के ठेवतं, टीशर्ट-कॅसेट वगैरेंवर १० टक्के. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडला. तेव्हापासून वर्षातले काही शुक्रवार तसे असतात. मी खरेदी तेव्हाच करतो. २०२२ मध्ये साइट एपिक गेम्सने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकली, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांना नारळ मिळाला. त्यामुळे घेतलेलं लगेच उतरवून हार्डडिस्कवर ठेवतो. उद्याचं कुणी सांगावं.

(तिथे पैसे भरताना कार्ड चाललं नाही तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का बघा. २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच असतात.)

घणसोली_गाववाला

यूट्यूबवर फुकट असताना पैसे कशाला भरायचे? श्रीमंतांचे चोचले.

सूर_बेसूर

बऱ्याच ठिकाणी किंमत तुम्हीच ठरवायची असते, शून्य टाकलं तरी चालतं. चोचले वडापावच्या भावातही होतात.

नेरुळची_वहिनी

वाचनखूण साठवली. मी जरा वेगळं सांगते.

मला शोधायला वेळ नाही आणि ते कपाटबिपाट उघडत बसायचा पेशन्सही नाही. मी रेडिओ लावते. सिअ‍ॅटलचं केईएक्सपी, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळतं. त्यांचा सकाळी सातचा कार्यक्रम आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो, म्हणजे बरोबर पोळ्यांच्या वेळेला. निवेदक स्वतः गाणी निवडतात, यंत्र नाही. जुनं ब्लूज संपतं न संपतं तोच कुणी मुलगी किंचाळायला लागते, मग मधेच नायजेरिया. गाण्याचं नाव तिथल्या तिथे त्यांच्या पानावर उमटतं. हाताला कणीक असते म्हणून मी फोन उलथन्याच्या मागच्या टोकाने जागा करते, नाव वाचते आणि लेकीला ओरडून सांगते, लिहून ठेव गं.

लेक चौदा वर्षांची. ती आणि तिच्या मैत्रिणी द लिंडा लिंडाजच्या मागे वेड्या झाल्यात. लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुली, मे २०२१ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात वाजवलं, व्हिडिओ जगभर फिरला आणि एपिटाफ या पंक लेबलने त्यांना घेतलं. वाचनालयात! लेकीने विचारलं, आपल्याकडे असं का नाही? मी म्हटलं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, तिथे तू ड्रम वाजवलास तर पुस्तकं स्वतःहून घरी निघून जातील.

मामलेदार_एक्स्ट्रा_तर्री

वहिनी, पुस्तकं जातील, पण पेपर वाचायला बसलेले काका हलणार नाहीत. गॅरंटी.

दिवाळे_बंदर

सगळं वाचलं. आता जरा कडू बोलतो, हलके घ्या.

तुम्ही रूट्स शोधायला सिअ‍ॅटल, शिकागो, न्यूझीलंड फिरून आलात. ऐरोलीच्या ऑफिसातून खाली उतरलं की गाव आहे. घणसोली, गोठिवली, करावे, सारसोळे, दिवाळे. तिकडे चेंदणी कोळीवाडा तर तळ्यावरच्यांच्या घरापासून चालत. लग्नाच्या मोसमात या. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते. एक-दोन बायका, वाद्य नाही, मांडवातल्या प्रत्येक विधीला वेगळं गाणं, तोंडपाठ. माझ्या बहिणीच्या लग्नात गायलेली बाई हळद लावताना सुरू झाली ती उन्हं उतरेपर्यंत, मध्ये फक्त चहा. आवाज बसलेला, धारदार, माइकची गरज नाही. तुमचे ते मालीचे लोक ऐकले तर पाया पडतील.

आणि स्वतंत्र म्हणाल तर आमच्यासारखे स्वतंत्र कोण? आगरी-कोळी गाण्यांना मोठी कंपनी लागली नाही. आधी लोकल कॅसेटी, मग सीडी, आता गावातल्या पोराचं यूट्यूब चॅनल. गाणं लिहिणारा पालिकेत कामाला, गाणारा रिक्षा चालवतो, व्हिडिओ बंदरावर काढलेला. तेव्हा तुम्ही लोक नाक मुरडता, "हळदीचा धिंगाणा" म्हणता. गोऱ्याने कुठे गोठ्यात बसून फिडल वाजवलं की ते रूट्स.

घणसोली_गाववाला

+१. आणि फुकट.

तळ्यावरचा

दिवाळे_बंदर, नाक मी मुरडत नाही हो. पण मान्य, चेंदणीला माझं जाणं मासे आणण्यापुरतंच. धवला कुठे ऐकायला मिळेल? रेकॉर्डिंग आहेत का?

दिवाळे_बंदर

आहेत थोडी यूट्यूबवर, पण बरीच मागे कीबोर्ड घालून नासवलेली. मांडवात ऐका.

पोखरण_दोन

अवांतर: तुम्ही रूट्स म्हणता त्यात बँजो असतो ना? आमच्या सोसायटीच्या मिरवणुकीत पण बँजो असतो. तोच का?

सूर_बेसूर

नाही, पण प्रश्न झकास. अमेरिकन बँजो म्हणजे चामडं ताणलेली, लांब मानेची तंतुवाद्याची जात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ती तिकडे घडवली, आणि पुढे ते गोऱ्यांचं वाद्य म्हणून खपवलं गेलं. तो इतिहास परत वर काढणाऱ्यांत रियानन गिडन्स ही गायिका आहे. तिचा कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा कृष्णवर्णीयांचा स्ट्रिंगबँड २००५ साली सुरू झाला, पुढे त्यांना ग्रॅमीही मिळालं. तळ्यावरचा, रूट्समध्ये शिरायला हे दार फार चांगलं आहे.

आपल्या मिरवणुकीतला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. तो आला जपानच्या ताइशोगोतोवरून, ते वाद्य १९१२ साली निघालं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बसवला, अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, टेम्पोवर चढवला. कर्कश, बेफिकीर, तीन मिनिटांत माणूस नाचायला लागतो. पंक म्हणजे आणखी काय हवं?

अनुस्वार

शेवटच्या वाक्याला जोरदार टाळ्या, पण पंकची एक गोष्ट राहिली. पंक नुसता आवाजात नव्हता, "आमचं आम्ही छापू" यात होता. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७ मध्ये उसने ५०० पौंड घेऊन स्वतःची चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिल्या हजार प्रती. कव्हरवर कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं तेही छापलं होतं. म्हणजे बघा, यात जादू नाही, तुम्हीही करा. पाठोपाठ इंग्लंडभर पोरांनी तेच केलं.

आपल्याकडे हे साहित्यात आधीच होऊन गेलंय. पन्नास-साठच्या दशकांत 'शब्द', 'असो', 'वाचा' ही अनियतकालिकं निघाली ती प्रकाशकांच्या दारात उभं राहायचं नाही म्हणूनच. चार मित्रांचे पैसे, सायक्लोस्टाइल, अंक संपले की संपले. माझ्या वडिलांकडे त्यातले दोन अंक होते, पानं पापडासारखी झालेली, शाई मागच्या बाजूने दिसायची.

मूळ प्रश्नाकडे: काउंटरवरच्या माणसाची गादी इंग्लंडात जॉन पीलकडे होती. बीबीसी रेडिओ १ वर १९६७ पासून २००४ मध्ये वारला तोपर्यंत. अनोळखी पोरं त्याला टेप पाठवायची. उत्तर आयर्लंडच्या अंडरटोन्सचं एक गाणं १९७८ मध्ये त्याने लागोपाठ दोनदा वाजवलं, कारण त्याला ते परत ऐकायचं होतं. यंत्र हे करणार नाही. आज त्या जातीचं काही हवं तर लंडनचं एनटीएस हे ऑनलाइन रेडिओ स्टेशन ऐका, २०११ पासून आहे, जाहिराती नाहीत. तासभर एक माणूस आपल्या घरचं काहीतरी वाजवतो. कधी कधी असह्य असतं. बंद करायचं, उद्या दुसरा.

जॅमवाला_ठाणे

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. मी ठाण्यातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

तुम्ही सगळे घरात बसून शोधताय. आम्ही इथे आहोत की! पण आम्हाला वाजवायला जागा नाही, तेही खरं. ठाणे, नवी मुंबईत नाट्यगृहं चांगली आहेत, गडकरी, घाणेकर, वाशीचं भावे, पण त्यांचं भाडं आणि हजाराच्या आसपासच्या खुर्च्या आमच्यासाठी नाहीत. आम्हाला हवी ऐंशी माणसांची खोली. ती रेस्टॉरंटमध्ये मिळते आणि तिथला मालक म्हणतो, "आधी दोन तास हिंदी, मग तुमचं एखादं." एका ठिकाणी आमचं स्वतःचं तिसरं गाणं सुरू होताच मॅनेजरने हातवारे करून सिलिंग फॅन दाखवला. आम्हाला वाटलं फॅन पडतोय. त्याला म्हणायचं होतं, आवाज खाली.

उघड्यावर रात्री दहाची मर्यादा, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. ते असूच नयेत असं मी म्हणत नाही, माझ्याही घरी म्हातारी माणसं आहेत. पण जुने लोक सांगतात की धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हे रॉक बँडांचं संमेलन व्हायचं, ते शांतता क्षेत्रामुळे गेलं, आणि त्या जागेच्या बदल्यात पोरांना दुसरी काही मिळाली नाही. मग उरतं खार, लोअर परळ. तिथे मुख्य बँड साडेदहाला चढतो, तुमचं लक्ष शेवटच्या लोकलकडे.

यातच माझी रीत आहे. पोस्टरवर तीन नावं असली तर जो बँड सगळ्यात आधी वाजवणार त्याच्यासाठी जा. आठ वाजता पोहोचा. पहिला बँड नवा असतो, जीव तोडून वाजवतो, समोर त्यांचे मित्र आणि बारवाला. पुढे तिसऱ्याच्या आधी निघालात तरी ट्रेन मिळते. आणि वाजवून झालं की त्यांनाच विचारा, तुम्ही कुणाला ऐकता? प्रत्येक बँडला दुसऱ्या पाच बँडांची नावं सांगायची असतात, कुणी विचारत नाही.

याद्या नकोत म्हणालात, तरी थोडी नावं टाकतो. मुंबईचा पंक: द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड. अरुणाचलच्या मुली, दिल्लीत जमलेल्या: द व्हाइनिल रेकॉर्ड्स. मऊ पॉप: पुण्याचे ईझी वाँडरलिंग्स. अभंग गिटारवर: अभंग रीपोस्ट. आणि दिवाळे_बंदर, तुम्ही स्वदेसी ऐका. मुंबईचे रॅपर, त्यांनी आरेतल्या प्रकाश भोईरांना घेऊन वारली लोकांच्या जमिनीविषयी गाणं केलंय. मूळही आहे, पंकही आहे.

ऐरोलीकर

पहिल्या बँडची आयडिया भारी. ऑफिसातून सरळ निघता येईल.

नेरुळची_वहिनी

जागा नाही कशी? आमच्याकडे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे ना! डिसेंबर २०१९ ला यू२, जानेवारी २०२५ ला कोल्डप्ले. तिकीट काढलं नाही, बाल्कनीत खुर्च्या टाकल्या. वारा इकडचा असला की शब्दसुद्धा कळायचे, तिकडचा असला की फक्त ड्रम आणि ओरडा. सासूबाईंनी विचारलं, एवढी माणसं कुणासाठी रडताहेत?

मामलेदार_एक्स्ट्रा_तर्री

जॅमवाला, हाच उपाय. वहिनींच्या बाल्कनीत ऐंशी माणसं बसवा.

जॅमवाला_ठाणे

:) स्टेडियममध्ये हजारो मोजणारा माणूस दोनशे रुपयांचं कव्हर (आत शिरायचे पैसे) म्हटलं की "गेस्टलिस्टला नाव टाक ना" म्हणतो. त्यात माझा चुलतभाऊपण आला.

पोखरण_दोन

जॅमवाला, मुलाला गिटार शिकवतोय. जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, तासावर मिळते ना? घरी वाजवलं की खालचे येतात.

जॅमवाला_ठाणे

हो, तासावर. ड्रम आणि अ‍ॅम्प तिथलेच असतात, काठ्या आणि केबल आपल्या न्यायच्या. शनिवार-रविवार आठवडाभर आधी सांगावं लागतं, मधल्या वारी दुपारी स्वस्त पडतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

तळ्यावरचा

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय, कारण एवढं लिहिलंत तर काय झालं ते सांगायला हवं.

ऐरोलीकरांची कोरी प्लेलिस्ट माझ्याकडे चालली नाही, तिसऱ्या दिवशी परत साडू आले. वहिनींचा रेडिओ चालतो, पण मी तेव्हा लोकलमध्ये असतो आणि ऐरोली ते दिघा रेंज जाते-येते. सूर_बेसूरचं कपाट मात्र लागू पडलं. गिडन्सपासून सुरुवात केली, तिथून कुठल्या कुठे गेलो, आता एका अनोळखी बाईच्या मागावर आहे. ती फक्त अ‍ॅकॉर्डियन असलेला पंक विकत घेते. असं काही असतं हेच माहीत नव्हतं. मिसेस म्हणतात, हेडफोन लावूनच ऐका.

आणि जॅमवालांचं ऐकून एका शुक्रवारी आठला पोहोचलो. पहिल्या बँडला आम्ही एकूण चौदा माणसं. गाणारी मुलगी कळव्याची निघाली! तिला विचारलं कुणाला ऐकतेस, तर मोबाइल काढून नावं लिहूनच दिली. मुख्य बँड अर्ध्यात सोडून ट्रेन पकडली.

धवला अजून राहिलाय.

सूर_बेसूर

अ‍ॅकॉर्डियनवालीचं कपाट इकडे पण पाठवा.

दिवाळे_बंदर

तळ्यावरचा, वैशाखात चुलत्याकडे लग्न आहे, गाव सांगतो व्यनित. सकाळी लवकर या, धवला सकाळचा. रात्रीची हळद वेगळी, तिला बुलबुल तरंगवालेही आहेत, सूर_बेसूरना आणा. कानात कापूस तुमचा तुम्ही.

जॅमवाला_ठाणे

मीपण येऊ का? आमच्याकडे दोन बरे माइक आणि रेकॉर्डर आहे. कीबोर्ड न घालता, जसं आहे तसं रेकॉर्ड करून त्यांना द्यायचं. चालेल का त्यांना?

दिवाळे_बंदर

मला विचारून काय उपयोग, गाणारी ती आहे. आदल्या आठवड्यात या, तिच्या घरी घेऊन जातो, तिलाच विचारा. काही गाणी विधीशिवाय गात नाहीत, ती नाही म्हणाली तर विषय तिथेच संपला. हो म्हणाली तर नाव तिचं टाकायचं, "पारंपरिक" लिहून मोकळं व्हायचं नाही. आणि मानधन आधी ठरवा. साडी-नारळावर भागवू नका.